येत्या अपडेटांत आपल्याकडच्या कॉम्प्युटरना नेमकं काय हवं? लाइट, दोन लिप्या आणि जुनी मशीनं

टिळकवाडी_डीटीपी

मंडळी नमस्कार. विंडोज असो, लिनक्स असो की नवे लॅपटॉप, सगळीकडं एआयच्याच घोषणा चालल्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात टायपिंग, डीटीपी, झेरॉक्सची दुकानं चालवणाऱ्यांना आणि घरात एकच कॉम्प्युटर असलेल्यांना येत्या अपडेटांतून काय पाहिजे, याची पक्की यादी करायची आहे. ती कंपन्यांकडं आणि लिनक्सवाल्यांकडं रीतसर नोंदवायची आहे. 'फास्ट पाहिजे', 'हँग व्हायला नको' एवढ्यावर कोणी लक्ष देत नाही. म्हणून काय बिघडतं, का बिघडतं आणि काय बदललं तर ते थांबेल, असं लिहा. जे आजच सेटिंग बदलून मिळतं तेही सांगा, ते मागणीत घालायला नको.

नेहमीचा सेटअप असा धरा. डेस्कटॉप आय३-६१००, एच११० बोर्ड, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क, विंडोज १०. लॅपटॉप आय५-८२५०यू, ८ जीबी, एसएसडी, विंडोज ११. प्रिंटर कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेसरजेट १०२०. काम मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत: अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, दुकानांच्या पाट्या.

मुख्य प्रश्न तीन. अपडेट चालू असताना लाइट गेली तर काय? एकाच कागदावर मराठी आणि कन्नड आलं की फॉन्ट आणि ओळी का विस्कटतात? आणि आय३-६१०० सारखी चालती मशीनं भंगारात घालायची काय?

---

जांबोटी_घाट

अण्णा, पहिल्या प्रश्नाचं सांगतो. अपडेटचे टप्पे वेगवेगळे धरा, कारण लाइट जाण्याचा परिणाम प्रत्येकात वेगळा आहे. डाउनलोड चालू असताना गेली तर काही बिघडत नाही, तुटलं तिथनं पुढं सुरू होतं. त्यानंतर विंडोज चालू असतानाच फायली उलगडून बाजूला ठेवल्या जातात, तिथंही नुकसान क्वचितच. धोका आहे तो रीस्टार्टनंतर पडद्यावर टक्के मोजले जातात तेव्हा. त्या वेळी सिस्टिमच्या चालू फायली बदलल्या जात असतात.

तिथं लाइट गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना विंडोज अर्धवट बदल मागं घेतं. पडद्यावर 'अनडूइंग चेंजेस' आलं की हात लावायचा नाही. हार्ड डिस्कवर हे तासभर चालू शकतं. माणूस कंटाळून पॉवर बटण दाबून धरतो, मागं घेण्याचं कामही अर्धवट राहतं, आणि मशीन रिकव्हरीच्या पडद्यावरच फिरत बसतं. बिघडलेल्या बहुतेक मशीनांचं कारण हेच असतं. एकदा लाइट गेली एवढ्यानं विंडोज सहसा मरत नाही.

आता यूपीएसचा हिशोब बघा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी. कागदावर ८४ वॅट-अवर होतात, पण एवढ्या जोरात करंट ओढल्यावर त्यातले निम्मेही हाती लागत नाहीत. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून सव्वाशे वॅट धरले तर नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं. एसएसडी असलेल्या मशीनवर महिन्याच्या अपडेटचा रीस्टार्टचा भाग तेवढ्यात सहज उरकतो, हार्ड डिस्कवर उरकत नाही. त्यामुळं लाइटच्या त्रासावरचा पहिला खर्च मोठ्या यूपीएसवर करू नका, २५६ जीबीच्या साटा एसएसडीवर करा. लेसर प्रिंटर यूपीएसला लावायचा नाही. फ्यूजर, म्हणजे शाई कागदावर भाजणारा भाग, तापताना तो शेकडो वॅट एका दमात ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोडवर बंद पडतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर लाइटवरनं बॅटरीवर जायला लागणारा वेळ एवढा असतो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

आजच करण्यासारखी सेटिंग्ज:

अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, अमेरिकेत सकाळी, म्हणजे आपल्याकडं रात्री साडेदहा-साडेअकराला. दुकानात ते बुधवारी सकाळी, ऐन गर्दीत दिसतं. विंडोज अपडेटमध्ये 'पॉज' करून रविवारी सकाळी हातानं घ्या. एका वेळी पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' आपोआपवर न ठेवता स्वतः भरा (त्या वेळेत विंडोज आपणहून रीस्टार्ट होत नाही), जास्तीत जास्त १८ तास देता येतात. 'गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज दे आर अव्हेलेबल' हे बटण बंद ठेवा. महिन्याच्या शेवटाकडं 'प्रिव्ह्यू' नावाचं जे ऐच्छिक अपडेट दिसतं ते दुकानाच्या मशीनवर घ्यायचं नाही. तीन-चार मशीनं एकाच राउटरवर असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू करून फक्त लोकल नेटवर्कचा पर्याय निवडा. एका मशीननं उतरवलेलं अपडेट दुसरं त्याच्याकडून घेतं, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवणाऱ्यांचा डेटा वाचतो.

लॅपटॉपचं बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कधी कधी विंडोज अपडेटमधूनच येतं. त्याच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, 'सस्पेंड' करा आणि ते उघडणारी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर बऱ्याच मशीनांवर की विचारणारा निळा पडदा आला होता, आणि की मायक्रोसॉफ्ट खात्यात असली तरी खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर तिचा उपयोग नाही.

आता मागणी. क्रोमओएसमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती असतात. अपडेट न चालणाऱ्या प्रतीवर लिहिलं जातं आणि रीस्टार्टला फक्त प्रत बदलते. मधेच लाइट गेली तरी जुनी प्रत शाबूत. अँड्रॉइडमध्ये ही पद्धत आवृत्ती ७ पासून आहे, लिनक्समधलं फेडोरा सिल्व्हरब्लूही याच विचाराचं. डिस्कवर जागा जास्त लागते, पण आपल्यासारख्या भागाला ती जागा परवडते, अर्धवट अपडेट परवडत नाही. विंडोजकडं हेच मागायचं. दुसरी मागणी हॉटपॅचची. रीस्टार्ट न करता सुरक्षेचं अपडेट लागू करण्याची ही सोय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून आहे, पण एंटरप्राइझ परवान्यांना. तिथं जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरलाच रीस्टार्ट लागतो. वर्षाला बाराऐवजी चार. होम आणि प्रोला ती द्या असं सांगायला पाहिजे. तिसरं छोटं आहे: यूएसबी केबलनं जोडलेला यूपीएस विंडोजला बॅटरीसारखा दिसतो. त्यात निम्म्याहून कमी चार्ज असेल तर रीस्टार्टचा टप्पा सुरूच करू नये, एवढी अट घालायला काही अवघड नाही.

---

इनस्क्रिप्टवाली

टायपिंगचं मी लिहिते. इथं 'नवीन सुविधा द्या' यापेक्षा 'जे आहे ते नीट करा' हे जास्त आहे.

आधी भाषा बदलण्याचं. इंग्रजी, मराठी, कन्नड असे तीन कीबोर्ड असले की विंडोज + स्पेसनं गोल फिरत बसावं लागतं आणि घाईत मराठीच्या जागी कन्नड उमटतं. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथं जा. 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' उघडा. प्रत्येक भाषेची ओळ निवडून 'चेंज की सिक्वेन्स' दाबा आणि डावा ऑल्ट + शिफ्टला १ इंग्रजी, २ मराठी, ३ कन्नड असं बांधून टाका. आता फिरायला नको, पाहिजे ती भाषा थेट येते. त्याच पानावर 'प्रत्येक विंडोला वेगळी इनपुट पद्धत' असा चौकोन आहे, त्यावर खूण करा. मग वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमधल्या कन्नड अर्जात कन्नड आपापल्या जागी राहतं. मधेच न मागितलेला 'इंग्लिश यूएस' यादीत येऊन बसतो. लँग्वेज अँड रीजनमध्ये ती भाषा मुद्दाम जोडायची आणि मग काढायची, म्हणजे जातो. पण मोठ्या अपडेटनंतर काही मशीनांवर परत येतो. मागणी क्रमांक एक हीच: अपडेटनंतर कीबोर्डची यादी आणि हॉट की जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत.

नव्यानं शिकणाऱ्यांना इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणीच सुचवेन. त्यात सगळ्या भारतीय लिप्यांची अक्षरं त्याच जागी असतात. 'के'वर मराठीत क, कन्नडातही क. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. एकदा बोटांना बसलं की दोन्ही भाषा टाइप होतात, आणि सीमाभागात याच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. ज्यांना रोमन अक्षरांवरनं टाइप करायचंय त्यांच्यासाठी मराठी आणि कन्नड फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून आतच आहेत, बाहेरचं काही टाकायला नको. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरात के. पी. राव मांडणीवर हात बसलेले पुष्कळ लोक आपल्याकडं आहेत. त्यांना लिनक्सवर आयबस या टायपिंगच्या सोयीतल्या एम१७एन संचात 'केजीपी' नावानं ती मांडणी तयार मिळते. विंडोजच्या स्वतःच्या यादीत कन्नडसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिकच्या जोडीला ती यावी, ही मागणी कन्नडवाल्यांइतकीच आपलीही आहे.

आता एकाच कागदावरच्या दोन लिप्या. वर्डमध्ये कंट्रोल + डी दाबा. वर इंग्रजीसाठी फॉन्ट, खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी फॉन्ट. मेख अशी की ही खालची जागा एकच आहे, आणि देवनागरी आणि कन्नड दोन्ही तिच्यातच मोडतात. तिथं मंगल ठेवला तर मंगलमध्ये कन्नड अक्षरं नाहीत, मग वर्ड स्वतःच दुसरा फॉन्ट शोधून लावतो. त्याची उंची वेगळी, म्हणून त्या ओळीचं अंतर वाढतं आणि पान खाली सरकतं. तुंगा ठेवला तर उलटं होतं. लिबरऑफिसमध्येही 'सीटीएल' ही एकच पेटी आहे, तिथंही तेच दुखणं.

यावर साधा उपाय निर्मला यूआय. त्यात दोन्ही लिप्या आहेत, अर्ज-प्रतिज्ञापत्राला पुरतो. पत्रिकेला किंवा अहवालाला वेगळे फॉन्ट लागतात तेव्हा दोन कॅरेक्टर स्टाइल करा, एक 'मराठी', एक 'कन्नड'. प्रत्येकीत खालच्या पेटीतला फॉन्ट, आकार आणि प्रूफिंगची भाषा ठरवा आणि दोघींना शॉर्टकट की द्या. ओळींचं अंतर 'सिंगल' न ठेवता 'एक्झॅक्टली' ठेवा, अक्षराच्या दीडपट: १२ पॉइंटला १८. त्याहून कमी केलं तर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक येतात तिथं, उदाहरणार्थ 'मूर्तींना'सारख्या शब्दांत, वरचा भाग कापला जातो. पडद्यावर कापलेलं दिसलं तरी प्रिंटला कधी पूर्ण येतं, कधी नाही. म्हणून पीडीएफ करून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला देऊ नका. मागणी: लिपीवार फॉन्टच्या वेगळ्या पेट्या. २०२४ पासून पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, त्यामुळं दोन लिप्यांचं काम वाढतच जाणार.

मंगलवरनं आठवलं. नव्या मशीनवर जुनी फाइल उघडली आणि मंगल, कोकिळा, अपराजिता दिसत नाहीत म्हणून लोक नेटवरनं कुठलेही फॉन्ट उतरवतात. तसं करू नका. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' आहेत, तिथनं घ्या. तुंगा 'कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट्स'मध्ये मिळतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट शोधण्याची. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ + हलन्त + य (इनस्क्रिप्टवर शिफ्ट + जे, मग डी, मग स्लॅश). दुसरी, र + हलन्त + अदृश्य जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे + य. छापून दोन्ही सारखेच दिसतात. पण 'शेतकऱ्यांना' एका तऱ्हेनं टाइप केला आणि दुसऱ्या तऱ्हेनं शोधला तर सापडत नाही. 'ॲ'चं त्याहून वाईट. हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) २००८ साली ५.१ आवृत्तीत ०९७२ या क्रमांकावर आलं. त्याआधीची सवय म्हणून कुणी अ + ॅ लिहितं, कुणी हिंदीतला ऍ वापरतं. म्हणजे 'ॲड.' हा एकच शब्द तीन तऱ्हांनी. सभासदांच्या यादीत वकिलांची नावं शोधली तर निम्मी गळतात. आज उपाय एवढाच की 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये तिन्ही रूपं एका रूपात बदलून मग यादी लावायची. मागणी: शोधताना आणि यादी लावताना ही रूपं एकच धरावीत. इंग्रजीत लहान-मोठी लिपी दुर्लक्षून शोधता येतं, तर हेही करता येण्यासारखं आहे.

श्रीलिपीच्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांच्या, फायली युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार नजरेखालून घाला. जुन्या फॉन्टांत वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. कन्व्हर्टर साध्या अक्षरांत चुकत नाहीत, जोडाक्षरांत चुकतात: 'स्थिती', 'पूर्ती', 'व्यक्तिमत्त्व' असे शब्द आधी तपासा.

---

निपाणी_हार्डवेअर

आय३-६१०० बद्दल. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या ८ व्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर आहेत, जोडीला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क. ६१०० सहाव्या पिढीचा, म्हणून यादीबाहेर. अटी डावलून टाकता येतं, पण पुढची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही आणि मायक्रोसॉफ्ट अशा मशीनची हमी घेत नाही. गिऱ्हाइकाच्या कामाच्या मशीनवर मी तो मार्ग सांगणार नाही. तुमचे ८२५०यू लॅपटॉप आठव्या पिढीचे, ते यादीत आहेत. पण आवृत्ती तपासा. २३एच२ होमचा पाठिंबा ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला, २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो. २५एच२ वर असाल तर १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत चिंता नाही. २४एच२ वरनं २५एच२ वर जाणं हलकं आहे, फायली बहुतेक आधीच आलेल्या असतात.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ईएसयूत (वाढीव सुरक्षा अपडेटांच्या योजनेत) नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेटं मिळतात. मशीन २२एच२ आवृत्तीवर पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन पाहिजे. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला की पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल' असं दिसतं. नोंदवल्याशिवाय काही येत नाही, आपोआप होईल म्हणून बसू नका.

माझं मत असं: तीन डेस्कटॉप असतील तर दोन लिनक्सवर न्या, एक विंडोज १० ठेवा. लिनक्स मिंट २२ ची हलकी एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबीत चालते आणि तिचा पाठिंबा २०२९ च्या एप्रिलपर्यंत आहे. एच११० च्या बऱ्याच बोर्डांवर एम.२ ची जागा नसते, म्हणून २.५ इंची साटा एसएसडीच घ्या. रॅमचे दर २०२५ च्या अखेरीपासून चढलेत. बोर्ड डीडीआर३ चा की डीडीआर४ चा हे उघडून बघितल्याशिवाय रॅम मागवू नका, एच११० मध्ये दोन्ही प्रकार आहेत. मिंटवर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट लावा. अपडेटनंतर काही बिघडलं तर आदल्या दिवसाची सिस्टिम परत आणता येते. मात्र ते तुमच्या कागदपत्रांचा बॅकअप नव्हे, ती वेगळी पेन ड्राइव्हवर.

एक मशीन विंडोजवर ठेवायचं कारण: बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रांची आरडी सर्व्हिस (ठसा आधारकडं पाठवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक कंपन्या विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच देतात, आणि पानं मांडायचं जुनं पेजमेकर तिथंच चालतं. जुनं सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवालं (कॉम्प्युटरला किल्ली जोडल्यावरच चालणारं) असेल तर अजून एक अडचण आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ३२-बिटचा प्रोग्रॅम त्यावर चालतो, पण लॉकचा ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही. म्हणून प्रोग्रॅम उघडतो आणि 'लॉक सापडत नाही' म्हणतो. ६४-बिट ड्रायव्हर कंपनीकडून मिळाला तरच हलवा.

प्रिंटरचं नीट वाचा, कारण पुढची डोकेदुखी तिथनं येणार आहे. प्रिंटर कंपन्यांचे नवे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून वाटणं टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचं धोरण मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्येच जाहीर केलं. कंपनीचा इन्स्टॉलर चालत राहील. म्हणून २९०० आणि १०२० चे ६४-बिट इन्स्टॉलर आजच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. विंडोज ११ च्या प्रिंटरच्या पानावर 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' नावाचं बटण आलंय. ते सुरू केलं तर मोप्रिया पद्धतीचे (कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालणारे) नसलेले प्रिंटर यादीतूनच जातात, आणि हे दोन्ही तसलेच आहेत. कोणी 'सुरक्षेसाठी चालू करा' म्हटलं तरी या प्रिंटरवर करू नका. १०२० च्या आत फर्मवेअर (प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) कायमचं साठत नाही, चालू केल्यावर दर वेळी ड्रायव्हर ते पाठवतो. लाइट जाऊन आली की प्रिंटर चालू दिसतो पण काम रांगेत अडकतं, ते यामुळं. यूएसबी केबल काढून दहा सेकंदांनी लावा, फर्मवेअर परत जातं. मिंटवर १०२० ला एचपीच्या एचपीलिप ड्रायव्हरचं प्लगइन लागतं. २९०० चा कॅप्ट ड्रायव्हर लिनक्सवर त्रास देतो, तो विंडोजच्या मशीनलाच राहू द्या.

मागणी सरळ आहे. चालत्या प्रिंटरसाठी एक साधा, जुना, सर्वांना चालणारा ड्रायव्हर सिस्टिमच्या आतच राहू द्या.

---

घटप्रभा_काठ

विंडोज १० वर अपडेट घेताना ०x८००७०६४३ असं येतंय आणि तेच अपडेट परत परत दिसतंय. हे पण लाइटमुळंच काय?

---

जांबोटी_घाट

नाही. जानेवारी २०२४ च्या एका सुरक्षा अपडेटपासूनचं हे जुनं दुखणं आहे. डिस्कवरच्या रिकव्हरीच्या विभाजनात (पार्टिशनमध्ये) २५० एमबी मोकळी जागा लागायची, जुन्या मशीनांत ते विभाजन तेवढं मोठं नसायचं. डिस्क मॅनेजमेंट उघडून रिकव्हरी विभाजन ५०० एमबीच्या आसपास आहे का बघा. असेल तर कारण बहुधा हेच, पण विभाजनात हात घालू नका, कारण चुकलं तर सगळा डेटा जातो. रिकव्हरीचं ते अपडेट बसलं नाही म्हणून महिन्याची बाकीची अपडेटं अडत नाहीत, ती स्वतंत्र बसतात. मागणीच्या यादीत मात्र घाला: चुकीचा नुसता क्रमांक न दाखवता 'रिकव्हरीत जागा कमी आहे' एवढं एक वाक्य दाखवलं असतं तर लोकांचे किती तास वाचले असते.

---

संकेश्वर_लॅपटॉप

नव्या लॅपटॉपबद्दल थोडक्यात. 'कोपायलट+' चा शिक्का म्हणजे ४० टॉप्सचा एनपीयू (एआयच्या कामाची वेगळी चिप), १६ जीबी रॅम, २५६ जीबी डिस्क. टायपिंगला एनपीयू लागत नाही, १६ जीबी रॅम मात्र उपयोगी पडते. त्या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नका. घेताना एवढंच विचारा: रॅम बोर्डावर जडवलेली आहे की खाचेत बसणारी? पातळ मॉडेलांत ती बहुतेक जडवलेली असते आणि आठची सोळा कधीच होत नाही. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, खरेदीखतं पडद्यावर येणार असतील तर 'रिकॉल' बंदच असू द्या. ते ठरावीक वेळानं पडद्याची चित्रं साठवतं. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा, बॅटरी लवकर फुगत नाही. लोकांना हवंय ते एवढंच की ही मर्यादा विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, सगळ्या कंपन्यांना सारखी असावी. आणि झाकण मिटून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप आतल्या आत जागा होऊन तापू नये. मॉडर्न स्टँडबायवर, म्हणजे नव्या लॅपटॉपांच्या अर्धवट झोपेत, हे होतं. तोवर झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' करा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते मिळतं.

---

टिळकवाडी_डीटीपी

अक्का, अण्णा, सगळ्यांचं भारी मार्गदर्शन. एसएसडी आणि हॉट कीचं आजच करतो. एकच विचारायचं राहिलं: हे सगळं नोंदवायचं कुठं आणि कसं, म्हणजे कोणी वाचेल?

---

इनस्क्रिप्टवाली

विंडोजसाठी 'फीडबॅक हब'. मशीनवर असतोच, विंडोज + एफ दाबलं की त्या क्षणीच्या पडद्याच्या चित्रासकट उघडतो. म्हणून दाबायच्या आधी पडद्यावर गिऱ्हाइकाचा कागद नाही ना, बघा. एका तक्रारीत एकच गोष्ट घाला. सगळी यादी एकत्र टाकली तर ती कुठल्याच विभागाकडं जात नाही. टायपिंगच्या गोष्टी 'इनपुट अँड लँग्वेज'मध्ये, अपडेटच्या त्यांच्या विभागात. आधी शोधा. तशीच तक्रार कुणी टाकली असेल तर नवी न टाकता तिलाच मत द्या. मोठ्या आकड्याची तक्रार वर येते, दहा वेगवेगळ्या तक्रारी तशाच पडून राहतात. 'रिक्रिएट माय प्रॉब्लेम' निवडून चूक घडताना रेकॉर्ड करा, इंजिनिअरला वर्णनापेक्षा तेच उपयोगी पडतं. कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या एका पेटीचं लिबरऑफिसच्या बगझिलावर (चुका नोंदवायच्या साइटवर) वेगळं टाका. तिथं दोन पानांची नमुना फाइल जोडा: एका पानावर एकच मजकूर मराठीत, दुसऱ्यावर कन्नडात, दोन्ही १२ पॉइंट.

'ऱ्य' आणि 'ॲ'ची तक्रार लिहिताना नुसता शब्द देऊ नका, तो दोन्ही रूपांत लिहून प्रत्येकातल्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक द्या. नाहीतर वाचणाऱ्याला दोन सारखेच शब्द दिसतात आणि तक्रार बंद होते. त्याच तक्रारीत कन्नडचं उदाहरणही जोडा. तिकडं 'रँक', 'रॅली' लिहिताना र पूर्ण ठेवून खाली यचा वत्तु (अक्षराखाली लागणारं जोडरूप) द्यायला तेच अदृश्य झेडडब्ल्यूजे लागतं. ते राहून गेलं तर अर्कावत्तु, म्हणजे कन्नडातला रफार, उमटतो आणि शोधताना हाच घोळ होतो. कन्नड टायपिंगवाल्या शेजाऱ्यांनाही त्याच तक्रारीचा दुवा पाठवा, म्हणजे त्यांची मतं तिथंच जमा होतील.